पोहून येईपर्यंत कुंड्यांचा सत्यानाश! मांजरवाल्यांनो, मदत करा

निळी टोपी
सोमवार, सकाळी ९:४०

इथे मांजरवाले पण आहेत आणि बागवाले पण, म्हणून धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवा.

तर मी पार्ले पूर्वेला तळमजल्यावर राहते, जुनी तीन मजली बिल्डिंग, रिडेव्हलपमेंटचं गेली नऊ वर्षं "या दिवाळीनंतर नक्की" चाललंय. घराचा मागचा दरवाजा आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार फुटांची पट्टी आहे तोच माझा बगीचा. मोगऱ्याच्या चार कुंड्या, दोन जास्वंदी, एक कलमी सोनचाफा, अनंत, गवती चहा आणि कढीपत्ता (जो माझा नसून बिल्डिंगचा आहे, विचारत कोणीच नाही). मोगरा जानेवारीत छाटला, पाण्याचा ताण दिला, मग शेणखत घातलं आणि पाडव्यापासून असा काही फुललाय की संध्याकाळी दार उघडलं की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून "आज किती?" विचारतात.

घरात मांजरं दोन. सांडगा (बोका, रंग नावाप्रमाणेच) आणि कुरडई (पांढरी, शेपटी नावाप्रमाणेच). दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं वाळवण चालू असताना दोघं पिल्लं साडीवरच्या कुरडयांमध्ये येऊन झोपली होती, तेव्हापासून आहेत.

मी सकाळी सव्वासहाच्या बॅचला पोहायला जाते. वयाच्या ४९व्या वर्षी शिकले त्यामुळे अजून नव्याचे नऊ दिवस संपलेले नाहीत. पावणेसहाला मागचं दार उघडते, मांजरं बाहेर जातात, मी तलावावर, साडेसातला परत. आणि परत येते तर काय, मोगऱ्याच्या कुंड्या उकरलेल्या, माती पट्टीभर, मुळं उघडी, कळ्या असलेली एक फांदी मोडलेली. आज तिसऱ्यांदा झालं. माती परत भरताना अक्षरशः रडू आलं. शी-शू नाहीये, ते ती दोघं आत वाळूतच करतात, हे नुसतं उकरणं. गवती चहाला हात नाही लावत, सोनचाफ्याला नाही, फक्त मोगरा आणि जास्वंद.

कुरडईच्या पायांना माती होती म्हणजे गुन्हेगार तीच आहे असं घरातलं मत आहे. उपाय सांगा. मांजर सोडून द्या हा उपाय नको आहे.

सुरमई
सोमवार, सकाळी १०:०५

मासे धुतलेलं पाणी घालतेस का गं झाडांना? आमच्याकडे आई गुलाबाला घालायची, गुलाब मस्त यायचे पण अख्ख्या वाडीतली मांजरं कुंडीभोवती बसलेली असायची सत्यनारायणाला बसल्यासारखी.

निळी टोपी
सोमवार, सकाळी १०:२०

नाही गं, आम्ही घरात अंडंसुद्धा आणत नाही. मांजरांचं वेगळं, ती त्यांचं त्यांचं खातात :)

कडू कारलं
सोमवार, सकाळी ११:१२

मांजर नाही, घूस असणार. मुंबईत तळमजला म्हटलं की पहिला संशय घुशीवर घ्यायचा, आमच्या परळच्या चाळीत घुशीने तुळशीवृंदावन आतून पोखरलं होतं, एक दिवस तुळस कलली तेव्हा कळलं. बीळ शोधा.

गच्चीवरचा माळी
सोमवार, दुपारी १२:३०

उपाय सांगतो, जे केलेत तेच सांगतो.

कुंडीच्या मातीवर नारळाच्या करवंट्यांचे तुकडे, उपडे, कडा वर येतील असे घट्ट बसवा. मांजराला पाय ठेवायला मऊ जागा मिळाली नाही की ते दुसरीकडे जातं. संत्र्या-मोसंबीच्या साली लोक सांगतात, दोन दिवस चालतात, मग वाळतात आणि वास गेला की मांजर सालींशीच खेळतं. जाळी कापून बसवता येते पण खुरपणी करताना वैताग. मिरचीपूड अजिबात टाकू नका, पंजाला लागते, पंजा ते चाटतात आणि डोळ्यांवरूनही फिरवतात.

आणि महत्त्वाचं, खत कुठलं घालता? बोनमील घातलं असेल तर उकरणारच, हाडाचा वास येतो. एरंडीची पेंड तर मांजर-कुत्रं असलेल्या घरात वापरूच नये, विषारी असते, आणि कुत्री तर चवीने खातात. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड यांनी काही होत नाही.

निळी टोपी
सोमवार, दुपारी १:१५

बोनमील नाही, एरंडी नाही. फक्त शेणखत आणि ते पण जानेवारीत. घुशीचं बीळ शोधलं, नाहीये. करवंट्या आजपासून जमवते.

पुणेकर नाइलाजाने
सोमवार, दुपारी ३:०२

धाग्यात पाडवा, मोगरा वगैरे वाचलं. मुंबईत वसंत असतो हे ऐकून बरं वाटलं. आमची समजूत होती की तिकडे दोनच ऋतू, पाऊस आणि घाम.

चर्चगेट स्लो
सोमवार, दुपारी ३:१०

आला का, मी वाटच बघत होतो. अहो फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टर्न एक्सप्रेसवरून विक्रोळीकडे या, दोन्ही बाजूंनी गुलाबी टॅबेबुया फुललेला असतो, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि मागचे हॉर्न मारतात, हाच आमचा वसंतोत्सव.

पानपुडी
सोमवार, दुपारी ४:४५

टॅबेबुया सुंदरच, पण पाहुणा आहे, अमेरिकेतला. इथलं बघायचं तर काटेसावर आणि पांगारा बघा, पानं झाडून नुसती लाल फुलं, आणि त्यावर कावळ्या-मैनांची भांडणं. मग चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी येते ती सकाळच्या तिरप्या उन्हात बघावी. एप्रिलमध्ये बहावा आणि ताम्हण सुरू. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, ते रस्त्याच्या कडेला उभं असतं आणि आपण त्याच्याखाली रिक्षाची वाट बघत मोबाइलमध्ये डोकं घालून असतो. राणीच्या बागेत ऊर्वशी आहे, फुलते तेव्हा झुंबरं लटकल्यासारखी दिसतात, न बघितलेल्यांनी एकदा जाऊन या. पेंग्विनची रांग सोडून डावी-उजवीकडे पण झाडं आहेत तिथे.

असो, अवांतर झालं. निळी टोपी, तुमच्या प्रश्नाकडे येते. हे तीन वेळा झालं ते नेमके कुठले वार होते?

निळी टोपी
सोमवार, संध्याकाळी ६:३०

वार? वार नाही लक्षात. मांजरं कॅलेंडर बघून उकरतात का :D

पानपुडी
सोमवार, संध्याकाळी ६:४१

दर वेळी फोटो काढला असेल ना, नवऱ्याला दाखवायला? फोनमध्ये तारीख असते.

सुरमई
सोमवार, संध्याकाळी ६:५०

पानपुडीताई चौकशी अधिकारी मोडमध्ये. मी चहा घेऊन बसलेय.

निळी टोपी
सोमवार, रात्री ९:५५

अगं बाई. तिन्ही सोमवार आहेत.

कडू कारलं
सोमवार, रात्री १०:०१

उपास करतंय मांजर. माती शंकराची.

चर्चगेट स्लो
सोमवार, रात्री १०:०४

ह. ह. पु. वा. (हसून हसून पुरेवाट!)

पानपुडी
सोमवार, रात्री १०:१५

म्हणजे रविवारी तुम्ही बागेत असं काहीतरी करता जे इतर दिवशी करत नाही. काय करता?

निळी टोपी
मंगळवार, सकाळी ८:१०

आत्ताच पोहून आले, कुंड्या सहीसलामत आहेत.

रविवारी तलावाला सुट्टी असते म्हणून तोच माझा बागेचा दिवस. ऊन उतरल्यावर साडेपाच-सहाला खुरपणी करते, पिवळी पानं काढते, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसले की पाण्याचा जोरात फवारा आणि मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून. तण उपटते आणि तिथेच कुंडीत मातीवर आच्छादन म्हणून पसरून टाकते, ओलावा टिकतो म्हणून, इथेच कुणीतरी सांगितलं होतं. रात्री मांजरं आत असतात, दार बंद. सकाळी मी दार उघडते आणि...

तेलाचा वास येत असेल का?

गच्चीवरचा माळी
मंगळवार, सकाळी ८:४०

आच्छादन मीच सांगितलं होतं :( पण कडुनिंबाच्या वासाने मांजर लांब जाईल, जवळ नाही येणार.

पानपुडी
मंगळवार, सकाळी ९:३०

तण कुठलं आहे? नाव माहीत नसेल तर वर्णन करा. आणि गवती चहाच्या कुंडीत ते उगवत नाही, बरोबर?

निळी टोपी
मंगळवार, सकाळी ११:२०

गवती चहात तण यायला जागाच नाही, गच्च झालाय. सोनचाफ्याच्या कुंडीत खडे टाकलेत. बाकी सगळीकडे एकच येतं, वीतभर उंच, पानं अंड्याच्या आकाराची, कडेला करवतीसारखे बारीक दात, देठ लांब. मधून एक दांडी येते आणि तिच्यावर हिरव्या छोट्या छोट्या वाट्या असतात, बाहुलीच्या भातुकलीतल्या असाव्यात तशा. आमच्या कंपाउंडच्या भिंतीतल्या फटीत पण आहे, गटाराच्या झाकणापाशी पण. पाऊस असो नसो, ओल मिळाली की उगवतं.

पानपुडी
मंगळवार, सकाळी ११:३५

सापडलं. ही खोकली. अकॅलिफा इंडिका. मी पोटापाण्यासाठी तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि घरात मांजरं पाळली, त्यामुळे हे तण मला दोन्हीकडून माहितीये.

खोकलीच्या मुळाचं मांजरांना वेड असतं. परदेशात ते कॅटनिप नावाचं पुदिन्याच्या कुळातलं रोप विकत मिळतं ना, त्याची जशी पानं चालतात तशी हिची मुळं. नुसतं रोप उभं असेल तर मांजर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, तुमच्या कुंडीत आठवडाभर उभंच असतं की. पण उपटलं, मूळ उघडं पडलं, की संपलं. चावतात, लाळ गाळतात, त्यावर लोळतात, मागच्या पायांनी लाथा झाडतात. तुम्ही दर रविवारी मुळासकट उपटून मोगऱ्याच्या बुंध्याशी पसरून ठेवता, काही मुळं तुटून मातीत राहतात, ती ते उकरून काढतात. मोगऱ्याशी त्यांचं काही वैर नाही हो, तुम्ही त्यांना आमंत्रण देऊन पोहायला जाताय.

सुरमई
मंगळवार, सकाळी ११:४०

_/\_

चर्चगेट स्लो
मंगळवार, सकाळी ११:४४

म्हणजे ताई दर रविवारी गुत्ता उघडतात आणि सोमवारी विचारतात गल्लीत दारुडे का आलेत.

नवा भिडू
मंगळवार, दुपारी १२:१०

खोकली म्हणजे खोकल्यावर चालते ना? नावच तसं आहे. काढा करतात का? माझा खोकला तीन आठवडे जात नाहीये.

पानपुडी
मंगळवार, दुपारी १२:२५

आयुर्वेदात वापर आहे, नाव त्यावरूनच. पण कुंडीतलं उपटून घरी काढे करू नका. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता काही जणांना असते आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच माहीत नसतं, त्यांच्या तांबड्या पेशी या वनस्पतीने फुटल्याच्या नोंदी श्रीलंकेतून आहेत. तीन आठवड्यांचा खोकला डॉक्टरांना दाखवा, आजच.

निळी टोपी
बुधवार, सकाळी ८:३०

प्रयोग केला!!! काल संध्याकाळी भिंतीतली एक खोकली उपटली, मूळ धुतलं, स्वयंपाकघरात पेपरवर ठेवलं. नवरा, सासूबाई आणि मी तिघं ओट्याला टेकून उभे.

सांडगा आला, हुंगलं, मान वाकडी केली, आणि मग जे काही सुरू झालं ते मला लिहिता येत नाहीये. गाल घासले, उताणा पडला, मूळ पुढच्या पायांत धरून मागच्या पायांनी त्याला तुडवलं, लाळेचं थारोळं, पेपरच्या चिंध्या. पाचेक मिनिटांनी उठला आणि रिकाम्या भिंतीकडे बघत बसला. सासूबाई म्हणाल्या, "अगदी आमचे भाऊजी लग्नात."

आणि कुरडई? आली, वास घेतला, निघून गेली, खिडकीत जाऊन पाय चाटत बसली. तिला काही म्हणजे काहीच नाही. म्हणजे तीन आठवडे आम्ही जिला "माजलीस तू" म्हणून ओरडत होतो तिने काही केलंच नव्हतं, ती फक्त सांडलेल्या मातीतून चालत घरात येत होती. सासूबाईंनी तिला रात्री साय दिली. मला खूप वाईट वाटतंय.

पानपुडी
बुधवार, सकाळी ९:००

सगळ्यांवर परिणाम होत नाही, कॅटनिपचंही तसंच. पण साय नका देऊ, मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही. माफी दुसऱ्या कशाने तरी मागा.

कडू कारलं
बुधवार, सकाळी ९:२०

एकटा सांडगा चार कुंड्या उकरतो दीड तासात? साथीदार असणार.

निळी टोपी
बुधवार, सकाळी ९:४५

अरे हो! कंपाउंडच्या भिंतीवर एक पिवळा बोका असतो, एका कानाचं टोक कापलेला. बिल्डिंगमधली मुलं त्याला शेठ म्हणतात. सांडग्याशी त्याचं पटत नाही पण सोमवारी दोघं भिंतीवर शेजारी शेजारी बसलेले बघून मला वाटलं होतं की मैत्री झाली.

गच्चीवरचा माळी
बुधवार, सकाळी १०:१०

कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर ती नसबंदीची खूण आहे, भांडणातली नाही. कुणीतरी आधीच काम करून ठेवलंय, चांगलं आहे.

निळी टोपी, बागेत लिली आहे का? ग्राउंड लिली किंवा पावसाळी लिली नव्हे, पुष्पगुच्छात येतात त्या मोठ्या, परागांचे तपकिरी डाग कपड्यांना लागतात त्या. वाढदिवसाला कोणी दिल्या तरी मांजराच्या घरात ठेवू नका, अंगावर पडलेला पराग चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होतात. कण्हेर पण नको. खोकली त्या मानाने नुसता टवाळखोर मित्र आहे.

निळी टोपी
बुधवार, दुपारी २:३०

लिली नाही, आता येणारही नाही. धन्यवाद हो.

अजून एक विचारायचं राहिलं, सांडगा माझ्या पोहण्याच्या कपड्यांच्या पण मागे असतो. ओला कॉस्च्युम बादलीत टाकला की तो बाहेर ओढतो, त्यावर गाल घासतो, टोपी तोंडात धरून पलंगाखाली नेतो. माझ्या ओल्या केसांना पण हुंगत बसतो. हे पण मुळासारखंच आहे का काही? मला आपलं वाटायचं की मी दोन तास दिसले नाही म्हणून प्रेम उतू जातंय.

शवासन स्पेशालिस्ट
बुधवार, दुपारी ४:१५

मी २२ वर्षं पोहतोय (म्हणजे पाठीवर तरंगतोय, आमच्या बॅचमध्ये मला तराफा म्हणतात) आणि आमची माऊ पण तेच करायची. क्लोरीनचा वास बऱ्याच मांजरांना आवडतो, ब्लीचने लादी पुसली की त्यावर लोळणारी मांजरं मी बघितलीत.

पण एक सांगतो, राग मानू नका. तलावाला जो उग्र वास येतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. लोकांचा घाम आणि, कसं सांगू, लघवी, यातल्या द्रव्यांशी क्लोरीन मिसळून क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास, डोळे चुरचुरतात ते पण त्यानेच. म्हणून उतरण्याआधी अंघोळ करा अशी पाटी असते आणि म्हणूनच ती कोणी वाचत नाही. मे महिन्यात उन्हाळी शिबिरातली शंभर पोरं उतरली की वास का वाढतो ते समजून घ्या.

तर तुमचा बोका प्रेमाने काय हुंगतोय हे आता तुम्हीच ठरवा.

सुरमई
बुधवार, दुपारी ४:२०

ईईईई. मी जेवत होते.

निळी टोपी
बुधवार, दुपारी ४:४०

ही माहिती नसती तरी चाललं असतं :| उद्यापासून तिथेच शॉवरखाली कपडे धुऊन आणणार. आणि केसांना आधी खोबरेल लावून मग टोपी, हे आमच्या सरांनी सांगितलंय, आता दुप्पट लावते.

पण पोहणं सोडणार नाही हं. तुम्हाला सांगते, पहाटे पाण्यावर दिवे पडलेले असतात, कोकीळ कुठेतरी बेंबीच्या देठापासून ओरडत असतो, आणि पहिल्या दोन लांब्या थंडीने दात वाजतात, तिसरीला अंगात ऊब येते आणि मग घर, ऑफिस, सोसायटीची मीटिंग सगळं काठावर राहतं. श्वास घ्यायला मान वळवली की एका बाजूला भिंतीपलीकडचा सोनमोहर दिसतो, पिवळा जर्द. २५ मीटरमध्ये तो मला सात वेळा दिसतो, मोजलंय.

पुणेकर नाइलाजाने
बुधवार, संध्याकाळी ५:३०

हे आवडलं. (टोमणा नाही, खरंच.)

पानपुडी
बुधवार, संध्याकाळी ६:००

तण उपटायचं तर मुळासकट काढून सरळ कचऱ्यात, किंवा मातीलगत कात्रीने कापा म्हणजे मूळ उघडं पडणार नाही. पण माझं ऐकाल तर एक फुटका टब लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि त्यात चार खोकल्या मुद्दाम वाढू द्या. रविवारी एक उपटून तिथेच टाका. गुत्ता बंद करण्यापेक्षा गावाबाहेर हलवलेला बरा.

निळी टोपी
पुढचा सोमवार, सकाळी ९:१५

अपडेट देतेय.

टब ठेवला, वॉशिंग मशीनचा जुना ड्रम मिळाला भंगारवाल्याकडे तोच. रविवारी कुंड्यांमधलं सगळं तण पिशवीत भरून बाहेर टाकलं, मोगऱ्याला करवंट्या लावल्या, आणि एक खोकली उपटून ड्रममध्ये. आज साडेसातला परत आले तर मोगरा जसाच्या तसा, ४१ फुलं काढली, वरच्या काकूंना वाटीभर दिली. ड्रममध्ये सांडगा आणि भिंतीवर शेठ, दोघांचे डोळे अर्धे मिटलेले, माती सगळी ड्रमच्या बाहेर, पण ती माझ्या मोगऱ्याची नाही त्यामुळे मी काही बोलले नाही.

फक्त एक झालं. काल रात्री टोपी धुऊन दोरीवर वाळत घातली होती ती पहाटे सापडली नाही, उशीर होत होता म्हणून आमच्या सरांकडून मागून घेतली. आत्ता ड्रम साफ करताना सापडली, सांडग्याच्या खाली. दातांची भोकं मोजली नाहीत पण आता तिच्यातून पाणी गाळता येईल.

दुपारी नवीन घेऊन येते. दुकानात निळी नाहीये, लालच आहे म्हणे. इथे आयडी बदलून मिळतो का?